गावच्या समाजगृहाचं डिझाईन करतेय: मांडावर छप्पर घालावं का?

चिऱ्याची_भिंत | रविवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गोव्यातच. या सेमिस्टरला आम्हाला कम्युनिटी बिल्डिंग हा विषय आहे आणि साइट आपली आपण निवडायची होती. मी आमचाच वाडा (गावातली आमची वस्ती) घेतला, फोंडा तालुक्यातला. वाड्यावर समाजगृह हवं ही मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. त्यामुळे हे काम माझ्यासाठी नुसत्या मार्कांचं नाही.

जागेचं सांगते. उत्तर-दक्षिण ४० मीटर, पूर्व-पश्चिम २८ मीटर. दक्षिणेला रस्ता. पूर्वेकडून पश्चिमेकडे दीड मीटरचा उतार आहे आणि खाली व्हाळ (ओढा). आग्नेयेला, रस्त्याला लागून, आमच्या वाड्याचा मांड, म्हणजे पौषातल्या रात्री बायका धालो (ओव्या गात रांगेने खेळायचा नाच) खेळतात ती मोकळी जागा. ईशान्येला जुना आंबा, पश्चिमेच्या कडेला पाच माड.

लोकांना काय हवं ते घरोघरी जाऊन विचारलं. दोनशे माणसं बसतील अशी सभेची जागा, भजनाला जागा, नाटकाच्या तालमी, स्वयंसाहाय्य गटाची बैठक, मुलांना वाचायला एक खोली, अधूनमधून आरोग्य शिबिर.

मी केलं असं: मधे हॉल, आणि हॉलपासून निघून मांडावर जाणारं एक मोठं वळणदार पत्र्याचं छप्पर. कॉन्सेप्ट 'लाट'. मांडावर पेव्हर घातले. म्हणजे मांडही बारा महिने वापरता येईल. शीट (काढलेले नकाशे, सोबत जोडलेत) चांगली दिसत होती, मॉडेलवर तर मी चार रात्री जागले. ज्युरीत (परीक्षकांपुढे काम मांडताना) एका सरांनी फक्त एकच विचारलं, "हे छप्पर कुणी मागितलं?" मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन मॉडेल आजीला दाखवलं. तिने ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "मांडाक पाखें कित्याक गे? पुसांत पावस खंय पडटा?" (मांडाला छप्पर कशाला गं? पौषात पाऊस कुठे पडतो?)

तेव्हापासून अडकलेय. अंतिम ज्युरीला सहा आठवडे आहेत. मांड झाकावा की नाही? झाकायचा नसेल तर माझ्या इमारतीचं मांडाशी नातं काय? आणि छप्पर स्लॅबचं, पत्र्याचं की कौलांचं? कृपया मोकळेपणाने सांगा.

---

माटोळी | रविवार, रात्री १०:३०

बाय, तुझ्या आजीने बरोबर प्रश्न विचारलाय. मी गेली बावीस वर्षं आमच्या वाड्यावर धालो खेळते, म्हणून लिहिते.

मांड म्हणजे रिकामी जागा नव्हे. मांडावर चपला घालून कुणी जात नाही. पौषात धालो सुरू व्हायच्या आधी आम्ही बायका तो शेणाने सारवतो. सारवलेल्या जमिनीवर रात्री अनवाणी पाय पडतो तेव्हा ती थंड असते, पण बोचत नाही. तिथे तू पेव्हर घालणार? पेव्हर दिवसभर तापतात, त्यांच्या फटींत माती भरते, आणि सारवायचे कसे?

आणि वर आभाळ लागतं. आमच्या ओव्यांत वनदेवतेला बोलावणं असतं, ती काय पत्र्याखाली येईल? हे मी भाबडेपणाने लिहीत नाही. ज्या बायका वर्षभर चुलीपाशी, शेतात, कामावर असतात त्या रात्री मोकळ्या आभाळाखाली दोन फांती (रांगा) धरून उभ्या राहतात, ती मोकळीक त्या जागेतच आहे.

मला इमारत नको असं नाही. खूप हवी आहे. काय हवं ते सांगते. १) संडास-बाथरूम, ज्याचं दार बाहेरून उघडेल. रात्री दोन वाजता हॉलची किल्ली कुणाकडे मागायला जायचं? २) म्हाताऱ्या बायकांना टेकून बसून बघायला जागा. ३) लेकरं झोपवायला आडोसा. ४) चहाचं मोठं पातेलं ठेवायला ओटा. हे चार आजवर कुणीही विचारलेलं नाही.

---

चिऱ्याची_भिंत | रविवार, रात्री १०:५२

माटोळीताई, मी घरोघरी गेले होते पण बहुतेक ठिकाणी पुरुषच बाहेर येऊन बोलले. आई-काकू आतून ऐकत होत्या. हे आत्ता लक्षात आलं. पुन्हा जाते, या खेपेला मागच्या दाराने.

---

पंचसदस्य | सोमवार, सकाळी ८:०५

मी एका पंचायतीत दोन वेळा निवडून आलोय, त्या अनुभवावरून. पोरीचा अभ्यास आहे तर अभ्यास म्हणून ठीक, पण प्रत्यक्षात व्हावं असं वाटत असेल तर पहिला प्रश्न जागेचा. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीचा सरकारी कागद) काढ. मांडाची जागा कुणाच्या नावावर आहे? कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेची), देवस्थानची, की कुणा भाटकाराची (जमीनदाराची)? वापरणारा वाडा आणि कागदावरचं नाव वेगळं, असं गोव्यात ठिकठिकाणी आहे. मग जमीन महसूल संहिता १९६८ खाली सनद (जमिनीचा वापर बदलायची परवानगी), मग नगरनियोजन, मग पंचायतीचा परवाना. या वाटेत प्रकल्प पाच-पाच वर्षं पडून राहिलेले मी पाहिलेत.

दुसरं, छप्पर. मी स्लॅबच सांगेन. कौलं दर वर्षी परतावी लागतात, माकडं नासधूस करतात, आणि पंचायतीत त्याचं बजेट कोण ठेवतो? स्लॅब घातला की उद्या वर एक मजला चढवता येतो.

---

सुतारमेस्त | सोमवार, दुपारी १:२०

पंचसदस्य साहेब, माझं आयुष्य छपरांवर गेलंय, म्हणून आदराने सांगतो. गोव्यात स्लॅब घातलेली समाजगृहं आणि शाळा बघा. किती स्लॅबांवर आज वरून लोखंडी सांगाडा आणि पत्रा चढवलेला आहे? स्लॅब पाझरतो, आतून सळी गंजते, गिलावा पडतो, मग वर पत्रा येतो. म्हणजे एका इमारतीला दोन छपरांचे पैसे. वरचा मजला बहुतेक ठिकाणी चढत नाही ते नाहीच.

पत्र्याचं म्हणाल तर जुलैत पत्र्याखाली सभा घेऊन बघा. माईकवर बोललेलं तिसऱ्या रांगेला ऐकू जात नाही. भजनाचा तर प्रश्नच नाही. उन्हाळ्यात दुपारी पत्रा खाली आग ओकतो.

कौलांना देखभाल लागते हे खरं. पण ती देखभाल गावातल्या माणसाला येते. एक कौल फुटलं तर एक कौल बदलायचं. स्लॅब पाझरला तर कुठून पाझरतो हे शोधायलाच बाहेरचा माणूस.

पोरी, आढं-वासे सगळं सागवानाचं करायचा हट्ट धरू नकोस, परवडणार नाही. मुख्य कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) लोखंडी पाइपच्या कर, चांगला रंग दे, आणि जिथे हात लागतो, नजर लागते, तिथे लाकूड वापर. पडवीचे वासे पिकलेल्या माडाचे चालतात, पण जून माड पाहिजे, कोवळा वाळवी खाते. आणि तुझे ते पाच माड छपरापासून लांब ठेव. नारळ सोड, नुसतं वाळलेलं चुडत (झावळी) पडलं तरी चार कौलं जातात.

---

वळचण | सोमवार, रात्री ११:१५

मी मडगावात पंचवीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. सविस्तर लिहितो, कारण तुझा प्रश्न मनापासून आलाय.

तू इमारत काढलीस आणि मांडाला तिच्यात ओढलंस. उलट करून बघ. तुझ्याच तालुक्यात याचा उत्तम धडा उभा आहे. मंगेशी, कवळे, रामनाथी, कुठल्याही देवळाच्या प्रांगणात जा. मधे मोकळं अंगण, दीपस्तंभ, तुळशीवृंदावन, आणि कडेने अग्रशाळा (यात्रेकरूंच्या राहायच्या खोल्या). देऊळ सोडलं तर त्या प्रांगणातल्या इमारती सगळ्या कड धरून उभ्या आहेत. पालखी, जत्रा, नाटक, माणसांची गर्दी, सगळं मधल्या मोकळ्या जागेत होतं. अग्रशाळेची पडवी सावली देते आणि बसायला जागा देते. तुझ्या वाड्यावर मधली जागा आधीपासून आहे, तो मांड. तुला फक्त त्याची कड बांधायची आहे.

पणजीत कला अकादमीत तू शेकडो वेळा गेली असशील. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९७३ ते ८३ या काळात केलेलं काम. पुढच्या खेपेला नाट्यगृहात शिरू नकोस. रस्त्यावरून आत ये आणि सरळ मांडवीपर्यंत चालत जा. तिकीट न काढता माणूस त्या इमारतीतून नदीपर्यंत जाऊ शकतो, मधल्या सावलीत टेकू शकतो. बंद दरवाज्यांबाहेरची ती जागा किती वापरली जाते ते मोज.

आता सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद. तू पाठवलेल्या शीटवर पडवी ८ फूट रुंद आहे, छपराची कड पडवीच्या जमिनीपासून ११ फुटांवर, आणि छप्पर खांबांच्या बाहेर २ फूट आलंय. दिसायला उंच, ऐटदार. आता पावसाची रेघ काढ. आपला पाऊस सरळ पडत नाही, वारा धरला की ४५ अंशांनी येतो असं समज. ११ फुटांवरून निघालेला थेंब जमिनीला टेकेपर्यंत ११ फूट आत येणार. त्यातले २ फूट बाहेर गेले, उरले ९. तुझी पडवी ८ फुटांची. म्हणजे पडवी पूर्ण भिजली आणि हॉलचा उंबराही.

आता हॉलची भिंत १२ फुटांवर थांबव आणि ३० अंशांचा उतार तसाच खाली पडवीवर आण. ८ फुटांत छप्पर ४ फूट ७ इंच उतरतं, खांबांच्या रेषेवर ७ फूट ५ इंच राहतात. तिथून आणखी ३ फूट बाहेर काढ. कड आली ५ फूट ८ इंचांवर. तोच ४५ अंशांचा पाऊस ५ फूट ८ इंच आत येईल, त्यातले ३ फूट पडवीच्या बाहेरचे. भिजली फक्त २ फूट ८ इंचांची पट्टी. भिंतीकडची ५ फुटांहून जास्त जागा भर पावसात कोरडी. आपल्या जुन्या घरांची वळचण इतकी खाली का येते याचं उत्तर या दोन रेघांत आहे.

---

चिऱ्याची_भिंत | मंगळवार, सकाळी ७:१०

काका, रात्रीच काढून बघितलं. पण ५ फूट ८ इंच म्हणजे माणसाचं डोकं आपटेल ना? आमच्या घरात माझा भाऊच सहा फुटांचा आहे.

---

वळचण | मंगळवार, सकाळी ९:००

चांगला प्रश्न. ती कड कुठे आहे बघ. पडवीच्या बाहेर, जोत्याच्याही पलीकडे. जोतं २ फुटांचं धरलं तर त्या कडेखालची जमीन २ फूट खाली आहे. म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाला ७ फूट ८ इंच मिळतात. पायऱ्या उतरताना छप्पर खाली येतं तशी पायरीही खाली जाते. सेक्शनमध्ये माणसाची आकृती प्रत्येक पायरीवर उभी करून बघ, कुठेही अडत नाही. आणि आत बसलेल्या बाईला त्या कडेखालून मांड पूर्ण दिसतो, वरचा उन्हाचा झोत मात्र कापला जातो.

अजून एक. उत्तरेला तू पूर्ण काच घेतलीस, 'उत्तरेचा उजेड थंड' म्हणून. ते आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेकडच्या देशांचं शहाणपण आहे. आपण साडेपंधरा अंशांवर. मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचा तर बराच उत्तरेकडून तिरपा आत येतो. काच काढ, लाकडी गजांची खिडकी आणि वर झरोका घे.

---

कुळागरवाला | मंगळवार, रात्री ८:४०

सगळे छपरावर बोलताहेत, मी जमिनीवर बोलतो. तुझ्या शीटवर साइट सपाट दाखवली आहेस. दीड मीटर उतार आहे म्हणालीस ना? तो उतार पावसाने तयार केलाय, त्याला ठाऊक आहे पाणी कुठून जातं. पूर्वेच्या चढावरून येणारं पाणी तुझ्या जोत्यावर थडकणार. चिरा पाणी पितो. जोत्याशी पाणी साचलं की भिंत कमरेपर्यंत ओली होते आणि दिवाळीपर्यंत सुकत नाही.

म्हणून पूर्वेच्या हद्दीला, मांडाच्याही वर, एक चर काढ. दगडी, तळाला उतार देऊन, दोन्ही टोकांनी वळवून व्हाळाकडे. कुळागरात (आमच्या बागायतीत) आम्ही पाण्याला अडवत नाही, वाट देतो.

छपराचं पाणी म्हणशील तर आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दर १०० चौरस मीटर छपरामागे तीन लाख लिटर. ते पन्हाळीत धरायला जाऊ नकोस, आंब्याचा पाला पडून पन्हाळ महिन्यात तुंबते. पागोळ्या तशाच पडू देत, त्या जिथे पडतात तिथे जमिनीत जांभ्या दगडाची चारी कर. तिथून पाणी खड्ड्यात मुरू दे.

आंब्याचा घेर शीटवर काढलास ती हिरवी वर्तुळं पानांची आहेत. मुळं त्याहून लांब जातात. तिथे पाया खणू नकोस.

---

रंगपट | बुधवार, रात्री १२:२५

तालमीवरून आत्ताच आलो. गावच्या जत्रेत मराठी नाटक करणारा माणूस आहे मी, वडीलही करायचे. फोंड्याला, मडगावला मोठी नाट्यगृहं झाली ही आनंदाची गोष्ट, पण गावचं नाटक गावात झालं पाहिजे.

ऐक. जत्रेचं नाटक कार्तिकापासून पुढे, कोरड्या दिवसांत. प्रेक्षक उघड्यावर बसतात, दोनशे नव्हे, सातशेसुद्धा. छप्पर लागतं ते फक्त रंगमंचाला. म्हणून हॉलचं एक टोक उघडणारं कर. आत पावसाळ्यात सभा आणि तालमी, थंडीत तेच टोक बाहेरच्या बाजूला उघडलं की रंगमंच. जोतं २ फूट आहेच, त्या टोकाला एक फूट चढव. तीन फुटांचा मंच जमिनीवर बसलेल्याला नेमका दिसतो. मंच २४ फूट रुंद, २० फूट खोल असू दे. बाजूला नटांना कपडे बदलायला खोली, बायकांची वेगळी. आणि दृश्य बदलताना मागून पळत जायला वाट! ती वाट नसल्याने मी एकदा राजाच्या वेशात प्रेक्षकांमधून धावत दुसऱ्या विंगेत गेलोय आणि प्रवेश हातचा गेला, ते दुःख अजून आहे.

ते टोक मांडाकडे उघड, म्हणजे प्रेक्षक मांडावर बसतील.

---

माटोळी | बुधवार, सकाळी ६:५०

रंगपट दादा, तुमचं सगळं पटलं, शेवटचं वाक्य नाही. मांडावर खुर्च्या आणि चपला येणार नाहीत. नाटकाला मी स्वतः पहिल्या रांगेत असते, पण मांडावर नको. दुसऱ्या बाजूला उघडा.

---

रंगपट | बुधवार, सकाळी ९:१५

माटोळीताई, चूक कबूल. आमच्या वाड्याचा मांड वेगळा आणि जत्रेची जागा वेगळी, त्यामुळे हे डोक्यात आलं नाही. उत्तरेला जागा आहे ना? तिकडे उघडा. रस्त्यापासूनही लांब, गाड्यांच्या दिव्यांचा त्रास नाही.

---

चिऱ्याची_भिंत | पुढचा शनिवार, दुपारी ४:००

आठवडाभर गप्प होते कारण आमच्या वाड्यावर धालो चालू आहेत. या वर्षी मी वही घेऊन गेले. आईने वही बघून आधी डोळे मोठे केले, मग स्वतःच सांगू लागली कोण कुठे बसतं ते.

जे मोजलं ते लिहिते. एका फांतीत पहिल्या रात्री ११ बायका होत्या, तिसऱ्या रात्री १४. दोन फांती समोरासमोर पुढे-मागे जातात त्याला साधारण ३२ फूट बाय २४ फूट जमीन लागते. त्याभोवती बघणाऱ्यांची कड. म्हाताऱ्या बायका सगळ्या पश्चिमेच्या बाजूला बसतात, कारण तिथे काकाच्या घराच्या गडग्याला पाठ टेकता येते. म्हणजे माझी पडवी जिथे येणार आहे त्याच बाजूला! गडगा साधारण १६ इंच उंच. मी मोजपट्टी लावली तेव्हा आजी त्यावर बसलेलीच होती, म्हणाली तिचा गुडघा याहून खाली वाकत नाही. सोप्याची (पडवीतल्या बांधीव बाकाची) उंची तिथेच ठरली.

लेकरं अकरानंतर झोपतात. काल सहा होती, एका गोधडीवर, गडग्याच्या आडोशाला. मी शीटवर 'मल्टिपर्पज स्पेस' लिहिलेली खोली आहे ना, तिचं नाव खोडलं. तिथे आता लिहिलंय: दिवसा वाचायची, रात्री लेकरं झोपवायची.

नवीन प्लॅन असा. हॉल २४ बाय ५६ फूट, उत्तर-दक्षिण. जमिनीवर दाटीने बसलं तर माणशी साडेसहा चौरस फूट धरून दोनशे माणसं मावतात. पूर्वेला मांडाकडे ८ फुटांची पडवी, खांबांमधे १६ इंचांचा सोपा, आणि भिंतीलाही एक, पावसाळ्यासाठी. पश्चिमेला तेवढीच ८ फुटांची पट्टी: भांडार, रंगपट, स्वयंपाकाचा ओटा, संडास. पावसाचा मारा नैऋत्येकडून, तो ही पट्टी झेलेल आणि हॉल कोरडा राहील. छप्पर एकच, दोन्हीकडे उतरतं. आढ्याची उंची १९ फूट येते. उत्तरेचं टोक मंच, घडीच्या दारांनी उघडणारं. मांडावर काहीही नाही.

---

सुतारमेस्त | शनिवार, संध्याकाळी ६:३०

घडीची दारं २४ फुटांची आहेत ना? वरच्या रुळावर टांग, खालच्या खाचेवर नको. खालच्या खाचेत माती जाते आणि दुसऱ्या वर्षी दार अडतं. आणि एक पान नेहमीच्या दारासारखं वेगळं उघडू दे, एका माणसासाठी सगळी घडी उघडायला लावू नकोस.

---

माटोळी | शनिवार, रात्री ८:१०

बाय, गडग्याचं वाचून डोळे भरले. पण संडास हॉलला लागून पश्चिमेला? वारा पश्चिमेचा. एप्रिल-मेच्या दुपारी तो वास थेट भजनात येईल.

---

चिऱ्याची_भिंत | शनिवार, रात्री ८:२६

खरंच की! हे कसं सुटलं माझ्याकडून.

---

वळचण | रविवार, सकाळी १०:४०

संडास त्या पट्टीतून काढ आणि वायव्येच्या कोपऱ्यात वेगळे घे, मधे ६ फुटांची उघडी वाट ठेवून. दार बाहेरून, म्हणजे हॉलला कुलूप असलं तरी वापरता येतील. नाटकाच्या मैदानालाही ते जवळ पडतात. पण मांड आग्नेयेला आहे, तिथून रात्री बायकांना लांब पडेल. म्हणून बायकांसाठी एक संडास-मोरी पडवीच्या दक्षिण टोकाला, दार रस्त्याकडे नको, पडवीकडे. तिथे वाऱ्याचा प्रश्न येत नाही, कारण पश्चिमेचा वारा तिथून हॉलपासून दूर जातो.

रॅम्प विसरलीस. २ फुटांच्या जोत्याला १:१२ ने २४ फूट लागतात. पडवीच्या लांबीला समांतर घे. तुझ्या आजीचा गुडघा तूच मोजलास, तर तिला पायऱ्या चढायला लावू नकोस.

आणि चिऱ्याच्या पश्चिम भिंतीला खालचे तीन फूट गिलावा कर किंवा पावसाळ्यात मल्लां (विणलेल्या झावळ्या) लावायला खुंट्या ठेव. चुडतांची मल्लां भिंतीला टेकवायची आपली जुनी रीत आहे. खुंटी आधीच बांधून ठेवली तर गावाला दर वर्षी खिळे ठोकावे लागत नाहीत.

---

पंचसदस्य | रविवार, दुपारी १२:१५

मी धागा पूर्ण वाचला. स्लॅबचं माझं म्हणणं मागे घेतो असं नाही, वरच्या मजल्याची गरज काही गावांना खरोखर असते. पण इथे मेस्तांचं म्हणणं बरोबर दिसतं. एक विचारतो, पोरी: कौलं किती लागतील, आणि दर वर्षी परतायला किती दिवस? हा आकडा शीटवर लिही. ग्रामसभेत कौलांच्या विरोधात बोलणारा पहिला माणूस हेच विचारणार, आणि तुझ्याकडे उत्तर असलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकलीस.

---

सुतारमेस्त | रविवार, दुपारी २:००

मंगळुरी कौलं १०० चौरस फुटांना दीडशे धर. परतायला तीन माणसं, चार ते पाच दिवस, मे महिन्यात. शंभर-दीडशे कौलं भांडारात जास्तीची ठेवायची, भांडाराच्या मापात ती जागा धर. आजचं कौल दहा वर्षांनी त्याच मापाचं मिळेल याची खात्री नसते.

---

चिऱ्याची_भिंत | तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ११:५०

उद्या प्री-फायनल आहे, पण आधी इथे लिहायचं होतं.

छपराचं क्षेत्र उतारावर मोजून ३३०० चौरस फूट आलं, म्हणजे पाच हजारांच्या आसपास कौलं. वर्षाचं पाणी सुमारे आठ लाख लिटर. दोन्ही आकडे सेक्शनच्या शीटवर, छपराच्या शेजारी लिहिले आहेत. पूर्वेचा चर, पागोळ्यांची चारी, व्हाळाची वाट हे एकाच निळ्या रेघेने दाखवलंय. एक-चौदाचा उतारा काढला. मांड आणि बाजूची जागा दोन वेगळ्या सर्व्हे नंबरांत निघाली. इमारत आता पूर्णपणे दुसऱ्या नंबरात बसते, मांडाच्या नंबरात एक खांबही नाही. पंचसदस्य काका, हे तुमच्यामुळे कळलं.

दोन शीटवर फक्त मांड आहे. एक पौषाच्या रात्रीची, एक जुलैच्या दुपारची. जुलैच्या शीटवर मांड ओला, त्यावर कुणी नाही, आणि पडवीत भिंतीच्या सोप्यावर आजी, तिच्या पायांपासून हातभर अंतरावर पावसाची रेघ. ती रेघ मी ४५ अंशांनीच काढली आहे.

'लाट' सोडली. ज्युरीत कॉन्सेप्ट विचारतील तर सेक्शनच दाखवणार आहे.

आजीला नवीन मॉडेल दाखवलं. छप्पर उचलून आत बघता येतं असं केलंय. तिने ते उचललं नाही. मॉडेलमधला पूर्वेकडचा सोपा बोटाने दाखवला आणि विचारलं, "हांगा कितली जाणां बसतलीं?" (इथे किती जणी बसतील?)

मी मोजलं. बावीस.

ती म्हणाली, "आमी तेवीस आसात."

एक खांब सरकवतेय. रात्र आहे अजून.

---

वळचण | गुरुवार, रात्री ११:५८

खांब सरकवलास तर वरची कैची त्याच रेषेत येते का ते बघ, मग झोप.